मखमली डगला आणि मृगाचा पाऊस

जुन्या वळणाची काळी सुती छत्री उघडून उजेडासमोर धरली, तर तिच्या कापडातून सुईच्या टोकाएवढे असंख्य प्रकाशबिंदू दिसतात. त्या कापडाला तोंड लावून फुंकर घातली, तर वारा सहज पलीकडे जातो. आणि असे असूनही आषाढातील तासाभराच्या सरींत तिच्याखालचा मनुष्य कोरडा राहतो. उलटपक्षी, नाटकाच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला मखमली डगला, जो छत्रीच्या कापडाहून कितीतरी जाड असतो, ज्याला आतून अस्तराची जोड असते आणि ज्यातून उजेडाची तिरीपही येत नाही, तो पहिल्या दहा मिनिटांतच भिजून अंगाला चिकटतो, त्याचा रंग पायजम्यावर उतरतो, आणि पुढे तो अंगावर घातलेला आहे की अंगावर लादलेला आहे, असा प्रश्न वाहणाऱ्यास पडतो. पातळ कापडाने तारावे आणि जाड कापडाने बुडवावे, ही गोष्ट वरकरणी न्यायाला धरून दिसत नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा आहे असेही नाही. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ या दिवशी, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस झाला, आणि त्याचा उत्सव आजही रायगडावर इंग्रजी तारखेप्रमाणे व तिथीप्रमाणे अशा दोन्ही दिवशी साजरा होतो. मृग नक्षत्र लागण्याची वेळ ती हीच. अंगरखे, डगले, शेले आणि जिरेटोप घालून गडावर जमलेल्या मंडळींवर सह्याद्रीतला पाऊस कधी तुटून पडेल याचा नेम नसतो. भाद्रपदात विसर्जनाच्या मिरवणुकीतील मावळ्यांची व सरदारांची सोंगे पावसाच्या तावडीतून क्वचितच सुटतात. तेव्हा शोभेसाठी शिवलेल्या कापडी डगल्याला पावसात टिकाव कसा धरता येईल, आणि मुळात कापड पाणी अडवते म्हणजे काय करते, हे समजून घेणे अगदीच अनाठायी ठरणार नाही.

पाण्याची ओढ

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. पृष्ठभागावरच्या कणांना वरून ओढणारे कोणी नसल्यामुळे ते आतल्या बाजूस खेचले जातात, आणि त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर जणू एक ताणलेले पातळ पटल तयार होते. यालाच शास्त्रात पृष्ठताण म्हणतात. थेंब गोल होतो तो या ताणामुळे. परंतु पाण्याला स्वतःच्या कणांखेरीज इतर काही पदार्थांचेही आकर्षण असते, आणि कापूस हा त्यांपैकी अग्रगण्य. कापसाचा तंतू ज्या द्रव्याचा बनलेला असतो, त्या सेल्युलोजच्या साखळीवर जागोजाग ऑक्सिजन-हायड्रोजनाच्या जोड्या उघड्या असतात, आणि पाण्याचा कण त्यांना तत्काळ जाऊन बिलगतो. सुती पंचा अंग पुसतो तो याच गुणामुळे. आणि सुती डगला भिजतो तोही याच गुणामुळे. एकाच स्वभावाला आपण न्हाणीघरात गुण म्हणतो आणि रस्त्यावर दोष म्हणतो, एवढेच.

हे आकर्षण अरुंद फटीत आले की त्याला विलक्षण जोर चढतो. निरांजनातली वात तेल वर ओढते, तिला कोणी पंप लावलेला नसतो. तंतूंच्या मधल्या अरुंद वाटांच्या भिंती द्रवाला स्वतःकडे ओढतात आणि द्रव एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत जातो. या क्रियेस केशाकर्षण हे नाव आहे. आता मखमलीकडे पाहावे. तिच्या पाठीवर घट्ट विणलेले कापड असते आणि त्यातून लाखो तंतूंची टोके गवताप्रमाणे उभी असतात. म्हणजे मखमल हा आडव्या आणि उभ्या वातींचा एक प्रचंड जुडगाच होय. जाडी जितकी अधिक, वाती तितक्या अधिक. सुती मखमल स्वतःच्या वजनाएवढे, पुष्कळदा त्याहून अधिक पाणी सामावून घेते. हल्ली ड्रेपरीत जी कृत्रिम धाग्याची मखमल सर्रास दिसते, तिचा तंतू स्वतः पाणी पीत नाही हे खरे. परंतु तंतूंमधल्या फटी पाणी पितात, आणि भिजणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत फारसा भेद उरत नाही.

थेंब पृष्ठभागावर पसरेल की गोल राहील, हे मोजण्याचे एक सोपे माप शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते, तिथे थेंबाच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. हा कोन ९० अंशांहून कमी असेल तर पाणी फटीत आपण होऊन शिरते. ९० अंशांहून अधिक असेल तर त्याला ढकलल्यावाचून ते आत जात नाही. स्वच्छ कापसावर हा कोन जवळजवळ शून्य असतो. मेणावर तो सुमारे ११० अंश भरतो. अळवाच्या पानावर तो १५० अंशांच्याही पलीकडे जातो, आणि म्हणूनच तिथे थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. मात्र अळवाच्या पानाचे हे वैभव नुसत्या मेणाचे नव्हे. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे कण असतात, आणि थेंब त्या उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकून मधल्या हवेवर तरंगत राहतो. तेच पान अंगठ्याने जरा दाबून चोळले की चोळलेल्या जागी पाणी चिकटू लागते. लीड्स येथील लोकर-संशोधन संस्थेतील कॅसी व बॅक्स्टर या दोघांनी १९४४ साली सच्छिद्र पृष्ठभागांचे गणित मांडताना बदकाच्या पिसाचाही विचार केला. त्यांचा निष्कर्ष असा की पिसाचे रहस्य त्यावरच्या तेलापेक्षा त्याच्या तंतूंच्या आखीव मांडणीत अधिक आहे.

दोन मार्ग

घरात आगंतुक येऊ नये अशी इच्छा असेल, तर एक तर दार भिंत घालून बंद करावे, किंवा दार उघडेच ठेवून येणाऱ्याचे असे काही थंडे स्वागत करावे की तो उंबऱ्यावरूनच परत फिरावा. कापडाला जलरोधक करण्याचे जेवढे म्हणून उपाय मनुष्याने शोधले, ते सर्व या दोहोंपैकी एका सदरात पडतात. काही थोडे उपाय दोन्ही मार्गांचा मेळ घालतात.

पहिल्या मार्गाचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता म्हणजे ग्लासगोचा चार्ल्स मॅकिंटॉश. कोळशापासून दिव्याचा वायू काढताना जे डांबर उरे, त्यापासून मिळणाऱ्या नाफ्त्यात रबर विरघळते हे ध्यानात आल्यावर त्याने ते द्रावण एका कापडावर पसरले, वर दुसरे कापड दाबून बसविले, आणि १८२३ साली त्याचे पेटंट घेतले. पाणी अडले, पण तक्रारींचा पाऊस सुरू झाला. तो कोट उन्हात चिकट होई, थंडीत पत्र्यासारखा कडक होई, त्याला दर्प येई, आणि शिंप्यांनी शिवणीसाठी पाडलेल्या सुईच्या भोकांतून पाणी आत येई. रबराला गंधकासह तापवून त्याचा स्वभाव स्थिर करण्याची युक्ती अमेरिकेत गुडइयरला १८३९ साली सापडली व इंग्लंडात हॅन्कॉकने १८४३ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा कुठे हा चिकटपणा गेला. आपल्याकडे १९२० साली कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी सुरू केलेल्या बंगाल वॉटरप्रूफ कारखान्याचे डकबॅक रेनकोट कित्येक पिढ्यांनी वापरले, तेही याच घराण्यातले. जवसाच्या तेलाचे हात देऊन वाळविलेले खलाशांचे कपडेही या सदरात बसतात. हे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट पापुद्रा धरते. त्या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून ठेवल्यास तो आपोआप पेट घेतो, ही गोष्ट रंगकाम करणाऱ्या कारागिरांना चांगली ठाऊक असते.

शोभेच्या डगल्यावर हा पहिला मार्ग वापरता येत नाही, कारण मखमलीवर रबर किंवा तेल चढविले की ती मखमल राहत नाही. आतल्या बाजूस, म्हणजे अस्तर आणि वरचे कापड यांच्या मध्ये, लेप दिलेल्या नायलॉनचा एक थर घालता येतो, आणि काही चतुर शिंपी तसे करतातही. त्याने अंग कोरडे राहते. डगला मात्र भिजतोच, वजनाने लोंबतो आणि रंग सोडतो.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. यात छिद्रे जशीच्या तशी राहतात, वारा खेळता राहतो, फक्त प्रत्येक तंतूवर अशा द्रव्याचा अत्यंत पातळ थर बसवावयाचा की ज्याच्याशी पाण्याचे सख्य नाही. टॉमस बर्बेरी याने १८७९ साली तयार केलेले गॅबर्डिन याच जातीचे: त्याने विणलेल्या कापडाला नव्हे तर विणण्यापूर्वी सुतालाच जलरोधक केले आणि मग ते घट्ट विणले. आपल्या छत्रीच्या कापडाचे कोडेही येथेच सुटते. तिच्या सुतावर जलविरोधी द्रव्याचा हात असतो, आणि ती उतरती ताणलेली असल्यामुळे थेंबाला रेंगाळण्यास फुरसत मिळत नाही. मखमलीला यांतले काहीही लाभलेले नसते. तिची जाडी हेच तिचे दुर्दैव.

धनगराचे घोंगडे हेही या दुसऱ्या मार्गाचे एक जुने आणि माझ्या मते अद्याप पुरेसा मान न मिळालेले उदाहरण होय. लोकरीच्या तंतूच्या बाह्यांगावर स्निग्धाम्लाचा एक नैसर्गिक थर असतो, त्यामुळे थेंब वरून ओघळतो. परंतु तंतूच्या आत बाष्प शिरू शकते, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश बाष्प सामावूनही हाताला ओली लागत नाही. चिंचोक्याची खळ दिलेल्या जाड घोंगड्याची खोळ करून कित्येक पिढ्यांनी पावसाळे काढले. ते अखेर भिजते आणि भिजले की जड होते, ही गोष्ट निराळी.

छिद्र किती मोठे चालेल?

दार उघडे ठेवण्याच्या या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती हिशेबाने सांगता येते. मेणासारख्या पृष्ठभागाचे, एकदशांश मिलिमीटर रुंदीचे गोल छिद्र असेल, तर त्यातून पाणी ढकलण्यास सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब लागतो. छिद्र निम्मे केले तर दुप्पट, म्हणजे २० सेंटिमीटर. विणीचा घट्टपणा कामास येतो तो असा. आणि उत्तम द्रव्य लावूनही सैल विणीचे कापड गळते त्याचे कारणही हेच.

आता पावसाच्या बाजूचा हिशेब. पाच मिलिमीटर व्यासाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो, आणि तो आपटण्याच्या क्षणी जो दाब देतो तो सुमारे चार मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. हे आकडे एकापुढे एक ठेवले तर कोणतेही कापड तरणार नाही असे वाटेल. परंतु तो दाब सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, आणि सैल कापड आघाताबरोबर मागे सरून त्याचा जोर जिरविते. मुसळधार पावसात सुती छत्रीखाली उभे राहिले असता चेहऱ्यावर जे सूक्ष्म तुषार जाणवतात, ते या झटापटीत पलीकडे निसटलेले पाणी होय.

खरा धोका आघाताचा नसून दीर्घकाळ टिकणाऱ्या दाबाचा आहे. सुती तंबूत राहिलेल्या मंडळींना जुन्या माणसांची ताकीद आठवत असेल, की पाऊस चालू असताना कापडाला आतून बोट लावू नये. बोट लावले की नेमक्या त्याच जागी गळती सुरू होते. छिद्रांच्या तोंडाशी पाणी अडून राहिलेले असते; बोटाच्या ओल्या स्पर्शाने त्याला आतल्या बाजूस आधार मिळतो, अलीकडचे व पलीकडचे पाणी जोडले जाते, आणि एकदा हा पूल बांधला गेला की पाणी त्यावरून संथपणे येत राहते. डगल्याच्या बाबतीत बोटाचे काम खांदे करतात. तलवारीचा पट्टा, दुपट्टा, खांद्यावरून घेतलेली पिशवी, यांच्याखाली कापड अंगाशी दाबले जाते आणि बाकी सारा डगला कोरडा असताना तेवढा पट्टा ओला होतो. हा दोष द्रव्याचा समजून लोक ते पुन्हा पुन्हा फासतात. वस्तुतः तिथे आतून वेगळा थर जोडण्याची गरज असते.

तुरटी आणि साबण

घरगुती उपायांत मला सर्वांत बुद्धिमान वाटतो तो तुरटी-साबणाचा. विहिरीच्या जड पाण्यात साबण लावला तर फेस न होता पांढरट चोथा तरंगू लागतो, हे सर्वांनी पाहिलेले असते. पाण्यातील चुना साबणाच्या स्निग्धाम्लाशी संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारा नवा साबण तयार होतो. तोच हा चोथा. तुरटीत अल्युमिनियम असते. चुन्याऐवजी अल्युमिनियमशी हा संयोग घडवून आणला, तर जो न विरघळणारा साबण होतो तो पाण्याचा पक्का वैरी असतो. युक्ती एवढीच, की हा संयोग बादलीत न घडता कापडाच्या तंतूंमध्ये घडावा, म्हणजे चोथा जिथे हवा तिथेच बसतो.

जुन्या पुस्तकांतून शिशाची साखर व तुरटी यांचा एक पाठभेद आढळतो. शिसे विषारी आहे. तो पाठ पुस्तकातच राहू द्यावा.

> चौकट: कृती
>
> डगला आधी स्वच्छ धुवून, डिटर्जंटचा अंश न राहील इतका खळबळून, पूर्ण वाळवावा. एक लिटर गरम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम साध्या धुण्याच्या साबणाचा कीस विरघळवावा. साबण तेलापासून केलेला असावा, डिटर्जंटची वडी चालत नाही, आणि पाणी शक्यतो मऊ, म्हणजे पावसाचे किंवा नळाचे असावे. दुसऱ्या भांड्यात तितक्याच पाण्यात सुमारे ५० ग्रॅम तुरटी विरघळवावी.
>
> कापड प्रथम साबणाच्या पाण्यात नीट मुरवावे, न पिळता हातांनी दाबून निथळावे, आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवावे. शेवटी एकदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवावे. आरंभी हा प्रयोग त्याच कापडाच्या तुकड्यावर किंवा आतल्या शिवणीजवळच्या कोपऱ्यावर करून रंग उतरतो काय ते पाहावे.

ही कृती सुती कापडावर उत्तम चालते. कृत्रिम मखमलीवर तिचा चोथा नीट धरत नाही. आणखी एक सावधगिरी अशी, की तुरटी ही रंगाऱ्याची रंगबंधक असल्याने वनस्पतिजन्य रंगांची छटा ती बदलू शकते. मंजिष्ठाचा तांबडा रंग खुलतो तो तिच्याच संगतीने. शिवाय ती आम्लधर्मी आहे, म्हणून तांब्याच्या तारेची नकली जर तिच्या स्पर्शाने काळवंडण्याचा संभव असतो. जरीकाम उसवून काढता येत असेल तर काढून मग डगला बुडवावा. येत नसेल तर हा मार्ग सोडावा.

मेण, आणि मशाल

मेणाचा उपाय सर्वांत सोपा. मेणबत्तीचा तुकडा कापडावर घासावा, वरून कोमट इस्त्री फिरवावी, मेण वितळून तंतूंत मुरते. मेणबत्तीचे पॅराफिन बहुधा ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, मधमाश्यांचे मेण सुमारे ६३ अंशांस. दोहोंचे मिश्रण केले तर कापडाला लवचीकपणा राहतो. खादीच्या किंवा मांजरपाटाच्या अंगरख्याला, विशेषतः साधा मावळा सजवावयाचा असेल तर, हे शोभूनही दिसते, कारण मेण मुरलेल्या कापडाला जुनाट, वापरलेली कळा येते. मखमलीवर मात्र मेण लावू नये. तिची लव एकमेकांना चिकटून आडवी होते, आणि मेण आत मुरलेले असल्यामुळे ती पुन्हा पूर्वीसारखी उभी राहत नाही.

आणि आता ज्या गोष्टीकडे उत्सवाच्या धांदलीत कोणाचेच लक्ष जात नाही ती. सुती धागा आणि भोवती मेण, ही मेणबत्तीची व्याख्या होय. गडावर पहाटे मशाली असतात, पलिते असतात. मिरवणुकीत गोंधळ्याची दिवटी असते, फटाके असतात. मेणकापडाचा डगला घालून मशाल हातात धरणारा सरदार हा स्वतःच एक मोठी मेणबत्ती झालेला असतो, आणि पावसाने उसंत घेऊन डगला वरून सुकला, की ही गोष्ट निव्वळ विनोदाची राहत नाही. ज्याच्या हाती मशाल देणार त्याला मेणाचा डगला देऊ नये, असा सक्त दंडक प्रत्येक मंडळाने घालून घ्यावा. टर्पेंटाइनात मेण विरघळवून लावणाऱ्यांनी तर ते काम उघड्या हवेत, चुलीपासून दूर करावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत डगला कोणाला घालू देऊ नये.

बाजारातील फवारे

मखमल, साटन, कृत्रिम ब्रोकेड यांच्यासाठी दुकानात मिळणारा सिलिकोनचा फवारा हा आजच्या घडीस सर्वांत व्यवहार्य तोडगा आहे. सिलिकोनचे रेणू तंतूवर असे बसतात की त्यांची तैलस्वभावी बाजू बाहेर राहते. थर इतका पातळ असतो की लव मोकळी राहते आणि रंगात फारसा फरक पडत नाही. फवारा एकाच वेळी भरमसाट न मारता हलके दोन हात द्यावेत, मधे वाळू द्यावे, आणि लवेच्या उलट दिशेनेही एक हात द्यावा, म्हणजे तंतूंच्या मुळापर्यंत द्रव्य पोहोचते. असले फवारे बंद खोलीत मारल्यास त्यांचे सूक्ष्म तुषार फुप्फुसांत जाऊन अपाय करतात. गच्ची किंवा अंगण हीच त्याची जागा.

याहून प्रभावी द्रव्ये आहेत ती फ्लोरिनयुक्त. थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५३ साली एका सहायिकेच्या कापडी बुटावर असे द्रव्य चुकून सांडले, ते पाण्याने धुतले जाईना आणि त्या जागी डागही पडेना; पॅट्सी शर्मन व सॅम्युअल स्मिथ यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि त्यातून पाणी व तेल दोन्ही झटकणारी द्रव्ये बाजारात आली. परंतु त्यांतली काही निसर्गात जवळजवळ विघटन पावत नाहीत व प्राणिमात्रांच्या शरीरात साठून राहतात, असे पुढे दिसून आले, आणि त्यांपैकी एका प्रमुख गटावर २००९ साली स्टॉकहोम करारान्वये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. वर्षातून दोनदा घालावयाच्या सोंगासाठी, ज्यावर तेल सांडण्याचा प्रसंग फार तर जेवणाच्या पंगतीत यावयाचा, ही द्रव्ये आणण्याचे काही प्रयोजन मला दिसत नाही.

शिवण

कापड कितीही तयार केले तरी शिवणीचा बंदोबस्त न केल्यास सारे श्रम पाण्यात जातात, आणि येथे तो शब्दप्रयोग अक्षरशः घ्यावयाचा. सुईचे प्रत्येक भोक विणीतल्या छिद्राहून कितीतरी मोठे असते, आणि त्या भोकातून जाणारा सुती दोरा हा पुन्हा वातच. यासाठी शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याने घालावी, दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडाव्यात, आणि आतल्या बाजूने शिवणीवर मधमाशीचे मेण घासून इस्त्री फिरवावी. शिवणीपुरते एवढे मेण मखमलीच्या पाठीवर लावल्याने पुढची लव बिघडत नाही. खांद्यावरची शिवण शक्य असल्यास टाळावी, कापड खांद्यावरून अखंड पुढे आणावे. तसे न जमल्यास खांद्यावर शेल्याची घडी अशी बसवावी की शिवण झाकली जाईल.

अस्तराची गोष्ट तर हमखास विसरली जाते. डगल्याच्या घेराशी किंवा बाहीच्या टोकाशी अस्तर वरच्या कापडाच्या बरोबरीने उतरले असेल, तर घेरावर साठलेले पाणी अस्तराला लागते आणि तेथून वातीप्रमाणे वर चढते; वरून निथळणारा डगला आतून गुडघ्यापर्यंत ओला होतो आणि घालणाऱ्याला उगम सापडत नाही. अस्तर दोन बोटे आखूड ठेवावे आणि ते सुती न घेता टेरिलिनचे घ्यावे. अंगरख्याचे बंद सुती असतात, छातीजवळच्या भोकांतून आत जातात, तेव्हा तेही याच नियमाखाली येतात.

टिकल्या व खडे सरसाने चिकटविलेले असतील तर पावसात सरस सुटतो आणि सरदाराचे वैभव रस्त्यावर विखुरते. ते दोऱ्याने टाकून घ्यावेत. पुठ्ठ्याचा जिरेटोप आतून-बाहेरून वार्निशाचा हात दिल्याशिवाय पावसात नेऊच नये.

घामाचा हिशेब

येथपर्यंत आलेला वाचक विचारील, की मग पाणी मुळीच न शिरणारा आणि घाम मात्र बाहेर सोडणारा असा थर नाही काय? आहे. रॉबर्ट गोर याने १९६९ साली टेफ्लॉन झटक्याने ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे निर्माण केली. ती पाण्याच्या थेंबास अडवितात आणि बाष्पाला वाट देतात. थंड प्रदेशात गिर्यारोहकांना हे कापड वरदान ठरले. पण बाष्प आपण होऊन बाहेर जात नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जितका अधिक, तितकेच ते जाते. घामेजलेल्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल धरला, तर दहा अंश सेल्सिअसच्या दमट इंग्रजी हवेत बाहेर सुमारे १.२ असतो आणि फरक चाराच्या वर भरतो. कोकणात जुलैच्या हवेत बाहेरचाच दाब तीनच्या वर असल्याने फरक दोनाच्या आसपास उरतो. म्हणजे तेच महागडे कापड आपल्याकडे जवळजवळ निम्मेच काम करते. त्यात ढोल-ताशांपुढे नाचणाऱ्याचा घाम मोजला तर काय राहिले!

म्हणून आपल्या हवेत डगल्याला मोकळे झरोके ठेवणे हेच शहाणपणाचे. काखेत कळी न जोडता फट ठेवावी, पाठीवर वरच्या पट्टीखाली झाकलेला उघडा भाग ठेवावा. हातांची हालचाल झाली की हवा आपोआप आतबाहेर होते.

तयार झाले की नाही, आणि पुढे

कापड-परीक्षणाच्या एका प्रमाणित पद्धतीत ४५ अंशांच्या उतारावर ताणलेल्या कापडावर सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी झारीने सोडतात आणि कापडाचा पृष्ठभाग किती ओला झाला ते पाहतात. ही परीक्षा घरी झाडांच्या झारीने आणि पाटाला टेकू देऊन सहज घेता येते. थेंब मोत्यांसारखे ओघळले तर ठीक. जागोजाग काळपट ओले डाग धरले तर आणखी एक हात द्यावा. छातीच्या तुकड्यावर परीक्षा घेऊन समाधान मानू नये, शिवणीवर घ्यावी.

मिरवणुकीनंतर भिजलेला डगला पिळू नये. रुंद लाकडी खांद्यावर अडकवून सावलीत निथळू द्यावा. मळला असेल तर डिटर्जंटाने धुण्याचा मोह आवरावा, कारण असल्या द्रव्याचा लेशही तंतूवर राहिला तर पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि तुरटीचा, सिलिकोनचा, कशाचाच इलाज चालेनासा होतो; अळवाच्या पानावरच्या थेंबात साबणाचे पाणी सोडले असता तो तत्काळ कसा पसरतो ते पाहिले म्हणजे याची खात्री पटेल. मळलेला भाग साध्या पाण्याने ओल्या फडक्याने टिपावा. सिलिकोनचा थर मंद इस्त्रीच्या उबेने बऱ्याच अंशी पुन्हा ताळ्यावर येतो, मात्र मखमलीवर इस्त्री उलट्या बाजूने आणि लव दबणार नाही अशा बेताने फिरवावी. मेणाचा अंगरखा लोखंडी पेटीत घालून माळ्यावर ठेवू नये. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली तो घडीघडीला चिकटून बसतो. तुरटी-साबणाचा हात एका पावसाळ्यापुरताच समजावा, आणि पुढील ज्येष्ठात, डगला ड्रेपरीवाल्याकडून ताब्यात घेतल्याबरोबर, झारी घेऊन पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा.